थाळीत काळी वाळूच उरते: हात चुकतोय की जागा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सुट्टीच्या दिवशी तुम्ही सोनं शोधायला थाळी घेऊन नदीवर जाता, पाण्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यावरची मोकळी वाळू फावड्याने भरता आणि धुता. दर वेळी तळाशी चमचाभर काळी वाळू उरते. सोन्याचा कण एखादा दिसतो, नाहीतर तोही नाही. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: आपला हात चुकतोय का, थाळी सोडून स्लूस (वाहत्या पाण्यात ठेवायची खाचांची पन्हळ) घ्यावा का, आणि बाटलीत जमवलेल्या कणांपैकी एक चंदेरी का दिसतोय.

पहिल्या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत आणि ते सुटे केल्याशिवाय उत्तर निघत नाही. रिकामी थाळी दोन कारणांनी येते. एकतर त्या वाळूत सोनं नव्हतंच, किंवा होतं आणि तुम्ही ते धुऊन नदीला परत दिलंत. रिकाम्या थाळीकडे कितीही निरखून बघितलं तरी यातलं काय झालं हे कळत नाही. मग माणूस वैतागून जागाही बदलतो, थाळीही बदलतो, धुण्याची पद्धतही बदलतो, आणि पुढच्या वेळी दोन कण जास्त आले तरी ते कशामुळे आले हे गूढच राहतं. म्हणून आधी हाताची खात्री करून घ्या. जागेवर बोट ठेवायचं ते त्यानंतर.

हात तपासायला नदीवर जायची गरज नाही. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे बारीक मणी घ्या, हातोडीने चपटे ठोका आणि कात्रीने त्यांचे मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान तुकडे करा. असे दहा तुकडे मोजून थाळीभर वाळूत मिसळा आणि घरी एका मोठ्या टबात ती वाळू नेहमीसारखी धुवा. शेवटी किती तुकडे हाताला लागले ते मोजा. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, सोन्याची १९.३ पट. शिसं थाळीत टिकत असेल तर त्याच आकाराचं सोनं टिकणारच. दहापैकी नऊ-दहा तुकडे सलग काही वेळा परत येत असतील, तर तुमचा हात ठीक आहे. सहा-सात येत असतील तर नदीला बोल लावायला अजून वेळ आहे. ही चाचणी टबातच करायची, नदीत शिसं सोडायचं नाही, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

हात चुकतो तो बहुतेकांचा एकाच ठिकाणी चुकतो: हलवणं कमी आणि वाहवणं फार. हे का होतं ते आकड्यांवरून लक्षात येईल. साध्या वाळूतली गारगोटी पाण्याच्या २.६५ पट जड असते, म्हणजे सोनं तिच्या सुमारे सातपट. पण पाण्यात बुडालेली वस्तू तिच्या आकारमानाच्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते. दोन्ही आकड्यांतून एक-एक वजा करा: १८.३ आणि १.६५. आता फरक अकरापट झाला. थाळी पाण्याखाली धरून हलवायची ती या फायद्यासाठी. काळ्या वाळूशी मात्र सामना अवघड असतो. तिच्यातल्या मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची, घनता ५.२, पाण्यात ४.२ उरते, म्हणजे सोनं तिच्यापेक्षा जेमतेम सव्वाचार-साडेचार पट जड. त्यातून नदीतल्या सोन्यात थोडीफार चांदी मिसळलेली असते, त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षात आणखी जरा उतरतात. म्हणून पहिली दोन-तृतीयांश वाळू बिनधास्त काढता येते, आणि शेवटच्या चमचाभरासाठी तेवढाच वेळ द्यावा लागतो. नवखा माणूस नेमकं उलटं करतो.

मी करते ते असं. आधी चाळणी. अर्ध्या इंचाच्या चाळणीतून गोटे बाजूला काढायचे आणि बारीक सोनं शोधायचं असेल तर पुन्हा दोनेक मिलिमीटरच्या जाळीतून. मोठा गोटा थाळीत घरंगळला की त्याच्या मागे पाण्याचा भोवरा होतो आणि तळाला बसलेले बारीक कण उचलले जातात. चाळणीवरचे गोटे फेकण्याआधी त्यांना चिकटलेला चिखल पाण्यात खळबळून उतरवा. चिकणमातीचे गोळे असतील तर ते बोटांनी पूर्ण कुस्करा. न फुटलेला गोळा थाळीतून गडगडत बाहेर जातो आणि त्याच्या पोटातलं सोनं, शिवाय वाटेत त्याला चिकटलेलं सोनंही घेऊन जातो. पाणी गढूळ येतंय तोवर कुस्करणं संपलेलं नाही.

मग थाळी सपाट धरून, पूर्ण पाण्याखाली, डावी-उजवीकडे जोरात झटके द्यायचे. आतला सगळा ऐवज पातळ खिरीसारखा हलला पाहिजे. नुसती वरची वाळू हलून तळ गच्च राहिला तर उपयोग नाही. हे दहा-पंधरा सेकंद न कंटाळता करा. जड कण खाली जायला त्यांना मोकळी वाट लागते, आणि ती वाट फक्त सगळं हलत असताना असते. त्यानंतर थाळीच्या काठावरच्या खाचांची बाजू तुमच्यापासून दूर ठेवून थाळी पुढे कलती करा, पाण्यात बुडवून वर काढा, वरचा हलका थर वाहून जाऊ द्या. असं तीन-चार वेळा झालं की पुन्हा सपाट, पुन्हा झटके. पाणी गोल गोल फिरवण्याची जी दिखाऊ पद्धत आहे ती सुरुवातीला विसरा. ती बघायला छान दिसते, पण खाली न बसलेलं सोनं तिच्यात सगळ्यात आधी जातं.

नवीन प्लॅस्टिकच्या थाळीवर बऱ्याचदा तेलकट थर असतो. साबणाने आणि घासणीने तो काढून टाका. तळव्याला लावलेलं क्रीमही तेच काम करतं. तेलकटपणा असला की चपटे बारीक कण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत निघून जातात. शेवटच्या टप्प्यात पाण्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब टाकला तर ते बुडतात. हा टप्पा शक्यतो नदीत नको, टबात करा. टबात केल्याचा दुसरा फायदा असा की जे वाहून गेलं ते तुमच्याकडेच राहतं, आणि अधूनमधून तो उरलेला ऐवज पुन्हा धुऊन बघता येतो. त्यात कण निघत असतील तर हाताचा प्रश्न अजून बाकी आहे.

चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला सोनं समजण्याचा टप्पा तुम्ही बहुधा ओलांडलाय, तरी एक सांगते. कण सावलीत धरा. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. अभ्रक आणि पायराइट (सोन्यासारखं पिवळं चमकणारं खनिज) उन्हात कोन बदलला की लखलखतात आणि सावलीत विझतात. तरी शंका राहिली तर टाचणीने दाबा. सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात.

आता जागा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला खरी शंका इथेच आहे. पाण्यालगतची मोकळी, एकसारख्या दाण्याची, स्वच्छ वाळू ही पुराने सगळ्यात शेवटी, जोर संपत आल्यावर टाकलेली असते. जड गोष्टी नदीने त्याआधीच कुठेतरी ठेवून दिलेल्या असतात. आणि काळी वाळू भरपूर येते म्हणून सोनं जवळ आहे असं तुम्ही धरून चाललात, ते तसं नाही. सोनं असतं तिथे काळी वाळू बहुतेक वेळा असते, पण काळी वाळू मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, हेमॅटाइट अशी जड खनिजं असलेल्या कुठल्याही खडकातून येते. जिथे वरच्या खोऱ्यात सोन्याचा पत्ताच नाही अशा नद्यांतही ती ढिगाने सापडते. तिच्यावरून एवढंच कळतं की या ठिकाणी नदी जड कण टाकते. ही माहिती कामाची आहे, पण अर्धीच.

उरलेली अर्धी माहिती भूगर्भाची. वरच्या खोऱ्यात सोनं देणारे खडक, म्हणजे उदाहरणार्थ रूपांतरित खडकांतल्या गारेच्या शिरा, आहेत का? जुन्या खाणींची नोंद आहे का? भूवैज्ञानिक नकाशे आणि जुने खाण-अहवाल यासाठी बघायचे. तिथे काहीच आशा दिसत नसेल तर माझं पुढचं सगळं लिहिणं तुमच्या काही कामाचं नाही. दुसरी नदी शोधलेली बरी. तुम्हाला अधूनमधून खरा कण मिळतोय, त्यामुळे तुमच्या नदीत निदान काहीतरी आहे असं धरून पुढे जाते.

सोनं एरवीच्या पाण्याला हलत नाही, ते हलतं पुरात. म्हणून आजच्या प्रवाहाकडे बघून जागा ठरवू नका. काठावरच्या झाडांना अडकलेला कचरा कुठवर आहे ते बघा आणि तेवढं पाणी मनाने पात्रात भरा. त्या पाण्याचा वेग कुठे मोडतो? अरुंद घळीतून नदी एकदम रुंद होते तिथे, उतार मंदावतो तिथे, मोठ्या शिळेच्या खालच्या अंगाला, आणि वळणाच्या आतल्या बाजूला. वळणावरच्या पट्ट्यात मी आधी त्याचं वरचं टोक बघते, जिथे पुराचं पाणी पट्ट्यावर पहिल्यांदा चढतं आणि गोटे मोठे असतात. तुम्ही बसता ती मऊ वाळू बहुधा त्याच पट्ट्याच्या शेपटीकडची असणार. बसायला छान जागा, पण शोधायला नाही.

वाळूचा पोतही बघा. ज्यात मुठीएवढे गोटे, खडी, वाळू, चिकणमाती असं सगळं मिसळलेलं आणि घट्ट दाबलेलं आहे, गंजासारखा तांबूस रंग आहे, आणि फावडं सहज शिरत नाही, तो थर धुण्याजोगा. खणताना गंजके खिळे, शिशाची वजनं, जुने छर्रे निघाले तर मी खूश होते. नदीने लोखंड आणि शिसं जिथे ठेवलं, तिथेच ती सोनंही ठेवते. याला एक अपवाद: मोठा पूर ओसरल्यावर पट्ट्याच्या वरच्या टोकाला अगदी वरच्या इंच-दोन इंचात बारीक सोन्याचा पातळ थर सापडतो. तो वरवर खरवडून घ्यायचा, खोल खणायचं नाही.

आणि तळखडक उघडा पडलेला असेल तर वाळूचा पट्टा सोडा आणि तिकडे जा. गुळगुळीत झिजलेल्या खडकावर काही थांबत नाही. ज्या खडकाचे पापुद्रे उभे आहेत आणि प्रवाहाला आडवे जातात, त्याच्या भेगा नदीच्या हातच्या खाचाच समजा. वाकडं टोक केलेला जाड खिळा, चमचा, ब्रश आणि पाणी ओढून घ्यायला एक मऊ बाटली एवढं सामान पुरतं. भेगेचा वरचा सैल गाळ काढला की खाली बोटभर थर इतका घट्ट असतो की तो खिळ्याने टोकरावा लागतो. त्याच्याही खाली, भेग निमुळती होते तिथल्या चिखलात, खरा ऐवज असतो. बरेच जण घट्ट थर लागला की खडक आला समजून उठतात. एक भेग पूर्ण रिकामी करा, तिच्या भिंती ब्रशने धुऊन ते पाणीही थाळीत घ्या. खडकावरचं शेवाळ आणि गवताची मुळंही पुरातले बारीक कण धरून ठेवतात. तळखडक खोल असेल तर मधे लागणारा चिकणमातीचा थर त्याचंच काम करतो. सोनं त्या थराच्या माथ्यावर अडतं, म्हणून मातीच्या वरचा दोन-तीन इंचाचा भाग आणि मातीचा वरचा पापुद्रा घ्या. ती फोडून खाली जायची घाई नको.

एवढं सगळं वाचून जागा ‘ओळखता’ येते असं वाटेल. अंदाज येतो, बस. नक्की काय ते मोजणीनेच ठरतं. चाळलेल्या वाळूचं एक माप ठरवा, एखादा डबा, आणि प्रत्येक ठिकाणी तेवढीच वाळू धुवून कण मोजा. जागा, खोली आणि कणांची संख्या वहीत लिहा. इथे एका हिशोबाकडे लक्ष द्या. थाळीमागे सरासरी एक कण असलेल्या जागीसुद्धा कण विखुरलेले असल्यामुळे शंभरातल्या सुमारे ३७ थाळ्या रिकाम्याच निघतात. म्हणून एका थाळीत शून्य आणि शेजारच्या जागी दोन, यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच जागी तीन थाळ्या धुतल्यात तर तिन्ही रिकाम्या निघण्याची शक्यता शंभरात पाचावर येते. तेव्हा एका जागी किमान तीन थाळ्या, मगच निकाल.

आकडे वाढतात त्या दिशेने सरका, आधी पट्ट्याच्या आडवं, मग खाली, मग नदीच्या वरच्या अंगाला. एखादा ओहोळ मिळतो त्या संगमाच्या वर गेल्यावर कण एकदम थांबले, तर सोनं त्या ओहोळातून येतंय, तिकडे वळा. कणांचा आकारही भिंगातून बघत जा. घासून गोल आणि चपटे झालेले कण लांबून आलेत. कडा खडबडीत असतील, गारेचा तुकडा अजून चिकटलेला असेल, तर मूळ फार दूर नाही.

याच आकड्यांवर तुमच्या स्लूसच्या प्रश्नाचं उत्तर ठरतं.  ही पन्हळ नसलेलं सोनं पैदा करत नाही, वाळू जास्त उपसते एवढंच. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड असा एक चपटा कण घेतला तर त्याचं वजन पाव मिलिग्रॅमच्या आतबाहेर भरतं. म्हणजे एका ग्रॅमला असे सुमारे चार हजार कण. तुमच्या सध्याच्या जागी थाळीमागे एक कण मिळतो असं उदारपणे धरलं आणि स्लूसने ताशी २५ थाळ्यांइतकी वाळू काढली, तरी एका ग्रॅमला १६० तास फावडं मारावं लागेल. तीच मेहनत थाळीमागे १५ कणांच्या जागी केलीत तर ११ तासांत तो ग्रॅम होतो. फरक पन्हळीने नाही, जागेने पडतो. वहीत सलग काही थाळ्यांना दहाच्या वर आकडे दिसू लागले की स्लूस घ्या, तोवर थाळीच बरी.

घेतलात तर उतार साधारण फुटाला एक इंच ठेवून सुरुवात करा आणि पाण्याचा वेग बघून बदला. खडे न अडता निघून जायला हवेत, आणि प्रत्येक खाचेमागे काळ्या वाळूची चंद्रकोर दिसायला हवी. खाचा गच्च भरून सपाट झाल्या तर पाणी किंवा उतार कमी आहे. धुवून लख्ख झाल्या तर जास्त. सोनं वरच्या एक-तृतीयांश भागात थांबलं पाहिजे. शेवटच्या खाचेतही कण दिसले तर तेवढेच बाहेरही गेलेत असं समजा.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती आधी बघा, कारण ती ठिकाणागणिक पार बदलते. न्यूझीलंडमध्ये हौशी लोकांसाठी काही नदीपट्टे मोकळे ठेवलेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढावा लागतो. ब्रिटनमध्ये जमिनीतलं सोनं राजमुकुटाच्या मालकीचं मानलं जातं. कॅलिफोर्नियाने गाळ शोषून घेणाऱ्या इंजिनवाल्या यंत्रांवर २००९ मध्ये बंदी आणली. थाळी चालते तिथे स्लूस चालतोच असं नाही, आणि माशांच्या विणीच्या काळात कित्येक नद्यांत पात्रात उतरायलाच मनाई असते. काठ पोखरू नका. खालून खणलेला काठ माणसावर ढासळतो. खड्डे उठण्याआधी बुजवा. नदीवर वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारून घ्या.

राहिला तो चंदेरी कण. अभ्रक नसणार, ते थाळीत इतका वेळ टिकत नाही. शिशाचा छर्रा असू शकतो, तो करडा आणि नखाने ओरखडण्याइतका मऊ असतो. क्वचित प्लॅटिनम. पण तुमच्या नदीवर पूर्वी खाणकाम झालं असेल तर पहिला संशय पाऱ्याचा. जुने खाणवाले बारीक सोनं धरायला पारा वापरत, त्यातला बराच नदीत सांडला आणि गाळात अजून आहे. सोन्याच्या कणाला तो लागला की कण पांढुरका होतो आणि शेजारच्या कणांना चिकटतो. टाचणीने ओरखडल्यावर आतून पिवळा दिसला तर तेच.

असा कण तापवून ‘स्वच्छ’ करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याच्या फार आधीपासून त्याची वाफ होत असते. ती दिसत नाही, वासही येत नाही, आणि श्वासावाटे थेट शरीरात जाते. घरी नायट्रिक आम्ल वापरणंही नको. तो कण पाणी भरलेल्या वेगळ्या काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवा, वर चिठ्ठी लावा, आणि धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी किंवा हे काम रीतसर करणाऱ्या प्रयोगशाळेत चौकशी करा. थाळीत पाऱ्याचे सुटे, गोल पळणारे थेंब दिसले तर तेही परत नदीत टाकू नका, त्याच बाटलीत घ्या. आणि एक लगेच बंद करा: पुष्कळ जण चुंबकाने मॅग्नेटाइट काढण्याआधी काळी वाळू तव्यावर वाळवतात. तुमच्या नदीची वाळू, पारा नाही याची खात्री होईपर्यंत, घराबाहेर उघड्यावर उन्हातच वाळवा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा आणि पिशवी उलटी करून मॅग्नेटाइट वेगळ्या डब्यात सोडा. त्यात अडकलेले कण असतात, म्हणून तो डबाही एकदा धुऊन बघा.